उस्तादांचा सालदार

उस्ताद कॉम्प्युटरला कान लावून बसायचे. डब्याला डोकं टेकवून, डोळे मिटून आतल्या पंख्याचा आवाज ऐकायचे. गिऱ्हाईक हसायचं. मग उस्ताद डोकं वर काढून सांगायचे, "धूळ बसली आतमदी," आणि खोललं की धूळच निघायची. तीस वर्षं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेलेली. रेडिओ संपले, टेप संपले, तेव्हा राळेगावच्या त्याच दुकानात त्यांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायला लागले. धंदा बदलला तरी सगळा गाव त्यांना उस्तादच म्हणत राहिला.

मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा कॉलेजात होते. आमचं घर विहारामागच्या गल्लीत, बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरून टाकलेली ती वर्षं. कापूसच नाही तर जिनिंग काय चालणार? बाबा दुपारीच घरी यायला लागले, तेव्हा मी उस्तादांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, "टायपिंग येते?" येते म्हटलं. "वाचता येते?" मला रागच आला. बी.एस्सी.च्या पोरीला हे काय विचारणं! "वाचता समद्यायले येते बेटा," ते शांतपणे म्हणाले, "पण वाचत कोनी नाई."

जुन्या काळी म्हणे ते दुरुस्त केलेला रेडिओ बातम्या पूर्ण ऐकल्याशिवाय परत द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक चुळबुळ करायला लागलं की म्हणायचे, "काहून घाई करून राह्यला बावा? हवामान बाकी हाये अजून." फॉर्मचंही तसंच. फॉर्म गेला की शेवटी जे पान यायचं ते उस्ताद मोठ्यानं वाचायचे, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. बाहेर रांग, आत उकाडा, आणि हे चष्मा सावरत वाचताहेत, "सर्व हक्क राखीव." मी कपाळाला हात लावायची.

सरकारी वेबसाइट दिवसा उघडायच्याच नाहीत. लोक खेड्यांवरून पहिल्या एसटीनं यायचे आणि पांढऱ्या पडद्याकडे बघत संध्याकाळ करायचे. आमच्या कॉलेजच्या सरांनी मला एक फुकटचं साधन दाखवलं होतं. ते ब्राउझर आपलं आपण उघडतं, सांगितलेल्या पत्त्यावर जातं, पत्ता उघडला नाही की पुन्हा जातं, थकत नाही. मी चार ओळी लिहून ते दुकानात चालू केलं. माऊसला हात न लावता पडदा हलायला लागला तशी दारात ही गर्दी! एका आजोबांनी डब्याच्या मागं जाऊन कोण बसलंय ते पाहिलं. उस्ताद खूश. आमच्याकडे वर्षाच्या बोलीनं शेतात राबणाऱ्या गड्याला सालदार म्हणतात. त्यांनी लगेच नाव ठेवलं, सालदार. "ना चहा मांगते, ना तंबाकू. असा सालदार जिंदगीत नाई भेटला."

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली. "सालदार तिथं गेला, एवढंच नोको सांगू मले. तिथं त्याले काय दिसलं, थे सांगजो." मी हो म्हटलं आणि केलं नाही. खरं सांगायचं तर कंटाळा केला. पत्ता उघडला की सालदारानं 'झालं' लिहायचं, एवढंच मी त्याला शिकवलं. उघडलेलं प्रत्येक पान उस्ताद स्वतः वाचतच होते, त्यामुळे दोन महिने काही बिघडलं नाही.

मंदा पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची. तिच्या पोडावरून बारावी झालेली ती पहिलीच मुलगी. तिचा नर्सिंगचा फॉर्म उस्तादांनीच भरला होता आणि यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा त्यांनी अख्ख्या बस स्टँडला पेढे वाटले. जागा पक्की करायची तर एकच काम उरलं होतं. प्रत्येक मुलीला साइटचा एक लांबलचक पत्ता आला होता, शेवटच्या दिवशी पाचच्या आत त्या पत्त्यावर जायचं. गेलं की जागा तिची. नाही गेलं तर पुढच्या मुलीची.

नेमके त्या दिवशी उस्ताद सामान आणायला यवतमाळला गेलेले. साइट सकाळपासून बंद. मंदा आणि तिचे वडील बाकावर बसून. मी सालदाराला लावून दिलं आणि बाकीचे फॉर्म भरत बसले. साडेतीनला 'झालं' उमटलं. मी पडद्याकडे नीट पाहिलंही नाही. "मंदे, झालं गं तुझं!" म्हणाले. तिचे वडील हात जोडून उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, बाबा, चारची गाडी धरा, नाहीतर मुक्काम पडेल.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी सवयीप्रमाणे विचारलं, "मंदाच्या पानावर काय लिवलं होतं?" मी ते वाचलंच नव्हतं. सालदार उघडलेल्या पानाचा फोटो ठेवायचा. तो काढला. त्यावर लिहिलं होतं, 'दुरुस्तीचे काम सुरू आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा भेट द्या.' तेही पानच की. उघडलं होतं. सालदारानं मी शिकवलं तेच केलं होतं.

उस्ताद तसेच उठले. दुकान ओढून घेतलं आणि मला लुनावर मागं बसवून पोडावर घेऊन गेले. मंदाच्या वडिलांसमोर उभं राहून म्हणाले, "चूक माह्यी हाये. दुकान माह्यं, मशीन माह्यं." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. मंदा दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आता कधी मंग?"

परतताना ते म्हणाले, "तुले अजून नोकरी लागाची हाये. तालुक्यात नाव खराब झालं त कोन घेईन तुले?" आणि मला बरं वाटलं. लाज वाटायच्या आधी बरं वाटलं, हे आज कबूल करते. त्यानंतर ते पानाचा फोटो घेऊन तीनदा यवतमाळच्या ऑफिसात गेले. जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. मंदाचे वडील म्हणाले, कापसाचं हे असं, पोरीला आणखी एक साल घरी कसं ठेवू? होळीच्या आत तिचं लग्न झालं, तिकडे मुकुटबनकडे.

सालदाराला मात्र उस्तादांनी हाकललं नाही. "आता त्याले वाचाले शिकव," म्हणाले. मी शिकवलं. आज पुण्यात त्याच कामाचा पगार घेते. कंपन्यांच्या साइट नीट चालतात का, ते असल्याच साधनानं तपासते. पत्ता उघडला म्हणून एकही तपासणी मी पास करत नाही. ऑफिसातली मुलं वैतागतात. वैतागू देत.

यंदा मार्चमध्ये उस्ताद गेले. दुकानातच, बसल्या बसल्या. मला मातीला पोचता आलं नाही. पोळ्याच्या सुट्टीत चाचींना, उस्तादांच्या बायकोला, भेटले, आणि मग मला राहवेना. पोडावर जाऊन मंदाचा ठावठिकाणा विचारला आणि वणीला गाडी बदलून तिच्या सासरी पोचले. इतक्या वर्षांनी तिला सांगायचं होतं की चूक माझी होती.

तिनं ओळखलं. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, अगदी 'झालं' लिहिणाऱ्या त्या ओळीसकट. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उस्ताद कसे हायेत? यंदा आले नाई थे."

मला कळेना. तेव्हा तिनं सांगितलं. दरवर्षी जूनमध्ये, फॉर्म सुटले की, उस्ताद राळेगावहून दोन गाड्या बदलून तिच्या दारात यायचे. बाहेरच खाटेवर बसायचे, पाणी प्यायचे आणि तिच्या सासऱ्यांना विचारायचे, "यंदा भरू का पोरीचा फॉर्म?" ते नाही म्हणायचे. उस्ताद सलाम करून परत जायचे. मला त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं, ते गेले. मंदानं पदर तोंडात धरला आणि हमसून हमसून रडली, बाप गेल्यासारखी. चूक कुणाची आणि कशी, याकडे तिनं लक्षही दिलं नव्हतं.

"यंदा सासरे हो म्हनले होते," ती नंतर म्हणाली. "जूनभर मी गाडीच्या टायमाले फाट्यावर जाऊन पाहत होती."

तारीख कधीच निघून गेली होती. मी म्हटलं, "पुढच्या जूनमध्ये मी येते." तिनं हो म्हणून मान हलवली. पण तिला ते खरं वाटलं नाही, हे मला दिसलं. आणि माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवावा तरी कशाला?