सातवी ‘ब’च्या वह्या

हेवा म्हणजे काय ते विनिताला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही भर वर्गात, ‘वसईची मोहीम’ शिकवताना. माणिकपूरच्या शाळेत ती एकोणीस वर्षं सातवीला इतिहास-भूगोल शिकवत होती. कारणं पाच, परिणाम चार, सगळं वहीत उतरवून द्यायचं. तिच्या हाताखालून गेलेलं एकही पोर या विषयात नापास झालेलं नव्हतं. पण त्या सोमवारी ती चौथ्या कारणावर आली आणि पलीकडच्या ‘ब’ वर्गात हशा पिकला. ‘अ’ वर्गातली चाळीस डोकी एकदम भिंतीकडे वळली.

भिंतीपलीकडे ॲनिशा टीचर होती. जवळच्याच गास गावची, सव्वीस वर्षांची, जूनमध्ये लागलेली. तिने पोरांना सांगितलं होतं, घरी विचारून या, आपण इथे कधी आलो आणि कशासाठी आलो. कोणाचे आजोबा भावाशी भांडून आले होते, कोणाच्या वडिलांना मुंबईत जागा परवडली नव्हती, तर कोणी म्हणे आम्ही आलोच नाही, आम्ही पहिल्यापासून इथलेच.

“इतिहासाचा तास आहे की बारसं?” विनिता म्हणाली. ‘अ’ वर्गात कोणी हसलं नाही.

हेही चाललं असतं. नवी बाई चार दिवस नाचते आणि मग तीही फळ्यावर मुद्दे लिहायला लागते, असे नग विनिताने पुष्कळ पाहिले होते. दुखणं वेगळंच होतं. तिची स्वतःची लेक इशिता त्याच ‘ब’ वर्गात होती. आपलं मूल आपल्या तुकडीत घ्यायचं नाही, असा शाळेचा नियम. त्यामुळे रोज बोळिंजच्या घरी पोळीबरोबर ॲनिशा टीचर वाढली जायची. ॲनिशा टीचर म्हणतात नकाशा पाठ करायचा नसतो, वाचायचा असतो. ॲनिशा टीचर बुधवारी आम्हाला त्यांच्या वाडीतलं बावखल दाखवायला नेणार आहेत. गोड्या पाण्याचा तो जुना खड्डा पाहायला पोरं पिकनिकला निघाल्यासारखी निघाली. इशिता परतली ती फ्रॉकभर चिखल आणि तोंडभर कौतुक घेऊन.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. विनिताच्या घरी एकोणीस वर्षांचं पीक पडून होतं आणि पोर बाहेरून माल आणत होती. तिला फार काही नको होतं. इशिताने एकदा तरी, कोणापाशी तरी, ‘माझी आई छान शिकवते’ असं म्हणावं, एवढंच. ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं तर ती विनिता कसली!

त्या आठवड्याचा शेवटचा गृहपाठ दोन्ही वर्गांना सारखाच होता: आपल्याला काही शिकवणाऱ्या एका साध्या माणसाचं व्यक्तिचित्र, दीडशे शब्दांत. शनिवारच्या पालकसभेत प्रत्येक वर्गातलं एक वाचलं जाणार होतं. आणि वशिलेबाजी नको म्हणून शाळेची जुनी पद्धत अशी की ‘अ’च्या वह्या ‘ब’च्या बाईंनी तपासायच्या आणि ‘ब’च्या ‘अ’च्या बाईंनी. शुक्रवारी तो गठ्ठा विनिताच्या टेबलावर आला.

तिसावी वही इशिताची. विनिताने ती हावऱ्यासारखी उघडली. व्यक्तिचित्र ॲनिशा टीचरवर होतं.

वाईट असतं तर तिने आनंदाने नऊ दिले असते. पण ते चांगलं होतं. गठ्ठ्यात सगळ्यात चांगलं होतं. टीचर बावखलाच्या काठावर चप्पल काढून कशी उभी राहिली, प्रश्न विचारून उत्तराची वाट बघताना ती कशी गप्प बसते, सगळं डोळ्यांपुढे उभं राहत होतं. विनिताच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिने केलं. बोट ठेवून एकेक शब्द मोजला. दोनशे बारा निघाले. तिला अगदी हायसं वाटलं. ‘शब्दमर्यादा पाळावी’ असं लिहून तिने दहापैकी सहा दिले आणि वाचनासाठी निमिषचं, आजोबांवरचं, बरोब्बर एकशे अठ्ठेचाळीस शब्दांचं व्यक्तिचित्र निवडलं.

शनिवारी निमिषने ते वाचलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या. ॲनिशाने एकदा विनिताकडे पाहिलं.

परतताना बसमध्ये इशिताने वही उघडून मांडीवर ठेवली. “आई, सहा?”

“नियम सगळ्यांना सारखा. दीडशे म्हणजे दीडशे.”

“संकेतचे एकशे नव्वद होते. त्याला आठ दिलेस.”

विनिता खिडकीबाहेर पाहू लागली. संकेतचे तिने मोजलेच नव्हते.

“मी आधी तुझ्यावर लिहिलं होतं,” इशिता म्हणाली. “टीचरना दाखवलं. त्या म्हणाल्या, खूप छान आहे, पण वह्या तुझ्या आईकडेच तपासायला जाणार. जास्त मार्क पडले तर लोक नावं ठेवतील, आईला त्रास होईल. दुसऱ्या कोणावर तरी लिही. मग मी त्यांच्यावर लिहिलं.”

“कुठंय ते? दाखव ना मला.”

“फाडलं.”

“कधी?”

“सहा बघितल्यावर.”

रविवारी विनिताने दोनदा विषय काढला. “काय लिहिलं होतंस गं?” इशिता म्हणाली, “आता आठवत नाही.” ती खोटं बोलत होती, आणि ते लपवायची तसदीही तिने घेतली नाही.

ते व्यक्तिचित्र जगात आणखी एकाच माणसाने वाचलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत विनिता स्टाफरूममध्ये उठली आणि ॲनिशासमोर खुर्ची ओढून बसली. जूनपासून तिने या मुलीशी आपणहून एक शब्द काढला नव्हता.

“ॲनिशा,” ती म्हणाली, “इशिताने माझ्यावर काय लिहिलं होतं?”

ॲनिशाने डबा बाजूला सारला आणि पहिल्या वाक्यापासून सांगायला लागली. तिला ते जवळजवळ पाठ होतं. ऐकता ऐकता विनिताचे डोळे भरून आले, आणि या मुलीला ते पाठ आहे याचाही तिला हेवा वाटला.