दोन हातांची सही

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबांनी मला जे दिलं ते माझ्या तळहातात मावत होतं. सकाळची गाडी होती. आई कुरड्यांच्या डब्याला तिसऱ्यांदा सुतळी बांधत होती आणि मला बजावत होती, "तुटल्या तं फेकू नको, बुकनी तळून खाजो." बाबा मात्र रुळांकडे पाहत उभे होते. गाडी दिसू लागली तेव्हा त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड काढलं आणि म्हणाले, "हे तुह्यासोबत राहू दे. बाकीचे खोक्यात हायेत. खोकं घरीच राहीन."

विमलताईचं कार्ड होतं ते. मी खिडकीशी बसून पाहिलं. निळी सही इतकी ठळक दिसत होती की मला नवल वाटलं. एवढ्या वर्षांत शाई जराही फिकी पडली नाही, असं मनाशी म्हणत मी ते पर्समध्ये ठेवलं. मूर्तिजापूर येईपर्यंत रडले, अकोल्याला चहा घेतला आणि मग झोपले. अमेरिकेला जायची माझी सुरुवात ही अशी.

आता हे कार्ड म्हणजे काय, ते सांगायला हवं. तुमच्यातले जे गावी राहिले त्यांना कदाचित आठवत असेल. जे माझ्यासारखे लांब निघून आले, त्यांच्या घरातही असलं काहीतरी एखाद्या खोक्यात पडून असेलच.

बाबा भातकुलीकडच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवायचे. नोकरी संपेपर्यंत पहिलीलाच. अक्षर सुंदर, म्हणून कबड्डीच्या खुल्या स्पर्धांना गुणलेखक म्हणून त्यांना बोलावणं यायचं. धामणगाव, मूर्तिजापूर, कधी आमच्या विहारामागचं मैदान. मी नऊ वर्षांची असताना गल्लीतल्या एका पोराकडे कुठल्याशा क्रिकेटपटूची सही असलेला फोटो आला आणि त्याचा भाव एकदम वाढला. हात धुऊन आल्याशिवाय तो फोटोला बोट लावू द्यायचा नाही. मला तसाच पाहिजे म्हणून मी घर डोक्यावर घेतलं. बाबांनी शांतपणे विचारलं, "आपल्याकडं काय खेळाडूंचा दुष्काळ पडला का?"

त्या दुपारी त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. पत्रिकेचा कागद जाड, मागची बाजू कोरी. पट्टीने आखून त्यांनी सारख्या मापाची कार्डं कापली. वर खेळाडूचं नाव, खाली गाव, त्याखाली चढाई की पकड, आणि उरलेली जागा सहीसाठी. उलटून पाहिलं की अजून कुणाच्या तरी लग्नाचा तुकडा दिसायचा. कुठे नुसतंच "चि. सौ. कां.", कुठे मामाच्या नावाचा शेपटाकडचा भाग. विमलताईच्या कार्डामागे अख्खी ओळ आली होती: स्नेहभोजन सकाळी ११ पासून आपल्या आगमनापर्यंत.

सामना संपला की मी धावत सुटायची. धामणगावच्या मालधक्क्यावर पोती उचलणारा गजूभाऊ अंगाला लागलेली माती न झटकताच सही करायचा, म्हणून त्याच्या कार्डावर बोटांचे ठसे आहेत. भातकुलीचे रहीमचाचा उजव्या कोपऱ्यात खेळायचे, ते उर्दूत सही करायचे आणि वर "बेटी के लिए" असं लिहायचे. काहींच्या सह्यांना मात्र फार वेळ लागायचा. बाबा त्यांना म्हणायचे, "जरा इकडं ये," आणि गुणफलकाच्या मागे घेऊन जायचे. मी इकडे पाय आपटत उभी. कार्ड परत यायचं तेव्हा त्यावर सही असायची, आणि खेळाडू निघून गेलेला असायचा.

विमलताई मूर्तिजापूरकडची. तिचे वडील बाजारात भाजी विकायचे. ती चढाईला निघाली की आजूबाजूची माणसं बोलायची थांबायची. पाय उचलला कधी आणि परत येऊन मधल्या रेषेला हात लागला कधी, ते कळायचं नाही. अंगावर रेषांची पांढरी फक्की उडालेली, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, आणि तोंडात "कबड्डी कबड्डी" असं, जणू कुणाला तरी झोपवतेय. मला वाटायचं, मोठी होऊन मी हीच होणार. तिच्या सहीलाही वेळ लागला होता, एवढं मला आठवत होतं.

ओहायोत हिवाळा लांबतो. पहिल्या वर्षी पार्किंगमध्ये रात्रीतून भुरभुर बर्फ पडलं की सकाळी ते काळ्या डांबरावर वितळून गाड्यांसाठी आखलेल्या रेषांवरच पांढरं उरायचं आणि मी कोटाच्या खिशात हात घालून त्या रेषांकडे पाहत उभी राहायची. मधली रेषा, निदान रेषा, बोनस रेषा. त्या थंडीत मला भर उन्हाचं मैदान दिसायचं. फक्कीचा वास यायचा. ऑफिसला उशीर व्हायचा. मॅनेजरला काय सांगणार, की माझा सामना चालू होता म्हणून?

ग्रेग माझ्या टीममधला. निवृत्तीला टेकलेला, मितभाषी. त्याला सह्या केलेली बेसबॉल कार्डं जमवायचा नाद. शनिवारी मला तो एका कार्ड शोला घेऊन गेला. मोठ्या हॉलमध्ये टेबलंच टेबलं, त्यांवर काचेसारख्या कडक प्लास्टिकमध्ये बंद केलेली कार्डं, प्रत्येकाला ग्रेड, प्रत्येकासोबत सही खरी असल्याचा दाखला. माणसं डोळ्याला भिंग लावून शाईकडे पाहत होती. मला एकदम आपल्या घरात आल्यासारखं झालं. सोमवारी मी मोठ्या तोऱ्यात विमलताईचं कार्ड त्याच्यासमोर ठेवलं.

ग्रेगने भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग कार्ड हलकेच टेबलावर ठेवलं. तो म्हणाला की यावर दोन हात आहेत. खाली जुनी शाई, तिच्यावर कुणीतरी बॉलपेनने गिरवलंय. आणि सगळ्यात खाली पेन्सिलचे ठिपकेही दिसतात. तो एवढंच बोलला. पण त्यांच्या जगात गिरवलेली सही म्हणजे मेलेली सही, हे मला एका शनिवारात कळलं होतं. तो इतक्या सभ्यपणे वागला की मला जास्तच लागलं.

मी घरी फोन लावला.

"बाबा, विमलताईची सही तुमी गिरवली?"

"हो," बाबा म्हणाले. "पुसून चाल्ली होती. तू तिकडं काढून पाहशीन तं कोरा कागद दिसन, म्हून तू जायच्या आदल्या दिवशी गिरवली."

"खोटी करून टाकली तुमी ते."

 बाबांनी विचारलं, "थंडी कशी काय हाय तिकडं?" मी म्हटलं, आहे. फोन ठेवला आणि कार्ड ड्रॉवरच्या तळाशी सरकवलं. पहिलीच्या मास्तरला दुसरं काय सुचणार, पुसट दिसलं की गिरवा, असा मी रागाने विचार केला. त्या रागाची लाज वाटायला मला फार वर्षं लागली नाहीत, पण ती बोलून दाखवायला लागली. दर रविवारी फोन करायचे आणि दर रविवारी ते एक वाक्य राहून जायचं.

मग बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, वाचा हळूहळू परत आली, पण हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून राहू लागला. पेन्शनला लागणाऱ्या हयातीच्या दाखल्यासाठी आई त्यांना रिक्षात घालून बँकेत घेऊन गेली. सही जमेना. बँकेतला साहेब त्यांचाच जुना विद्यार्थी. तो खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, "सर, अंगठा चालते. काही अडचण नाही."

आईने मला फोनवर सांगितलं, "यायनं डाव्या हाताची मूठ आवळून धरली, अंगठा आत. साहेब समजावते, मी समजावतो, पण मूठच उघडेना. घरी आलो तसेच. जेवले बी नाही. म्हणते, मी अंगठा देणार नाही, मंग काहीबी होवो."

मी तिकीट काढलं.

घरी पोहोचले तेव्हा बाबा खिडकीशी बसले होते, लहान झाल्यासारखे. मला पाहून चेहऱ्याची डावी बाजू हसली. चार दिवस मी त्यांच्या उशापायथ्याशी होते, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. बँकेचा विषय काढला की ते मान फिरवायचे. आई म्हणाली, अंगठ्याचं एवढं काय, अख्ख्या दुनियेचे लोक देतात. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

पाचव्या दिवशी दुपारी विमलताई आली. अकोल्याहून, बसने, पिशवीत संत्री घेऊन. सरांची तब्येत कळली म्हणून आली होती. लग्नानंतर ती अकोल्यात गेली, खेळ सुटला, आता तिकडे अंगणवाडीत मदतनीस आहे. केस पांढरे झालेत, पण दारातून आत येताना एक पाय तसाच आधी पडला, चढाईचा. मी ओहायोहून बरोबर आणलेलं कार्ड तिच्या हातात ठेवलं आणि उगीच माफी मागितल्यासारखं म्हटलं, "ताई, ही तुझी सही. बाबांनी वरून गिरवलीय, त्यामुळे आता तशी खरी नाही राहिली."

तिने कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि मोठ्याने हसली.

"अव माय, खरी कधी होती? मले कुठं सही येत होती तवा! मी तं अंगठाच देत होती. तुह्या कार्डावर बी तोच देणार होती, तं तूच रडाले लागली. अंगठा नाही पाहिजे, सही पाहिजे म्हणे. लय लाज वाटली मले त्या दिवशी. मंग सरनं मले फळ्यामागं नेलं, पेन्सिलनं ठिपके देल्ले आन् म्हणे, इमल, याच्यावरून हात फिरव. ते माही पयली सही होय. तवापासून म्या कुठंच अंगठा नाही देल्ला. अंगणवाडीत दर महिन्याले सही करतो, तवा ते ठिपके दिसते मले."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. गुणफलकाच्या मागे किती जण गेले होते, ते मला एकेक करून आठवू लागलं. मी पाय आपटत उभी होते, ते सगळं. मी जमवत होते सह्या, आणि बाबा तिकडे माणसं अंगठ्यातून सोडवत होते, माझ्या हट्टाचं निमित्त करून. आणि मी त्यांना फोनवर काय म्हणाले होते?

"बाबा, मी चुकले," असं मी म्हटलं. मराठीत हे वाक्य इतकं लहान आहे हे तोवर मला माहीत नव्हतं.

ते म्हणाले, "पुसट झाली होती, माय." एवढंच.

आईच्या फळीवर लग्नपत्रिका होत्याच, त्या घरातून कधी जात नाहीत. मी एक कापली. पट्टीने मापली नाही म्हणून जरा तिरकी आली. बाबांचं नाव मी पेन्सिलने ठिपक्याठिपक्यांनी काढलं, त्यांनीच मला शिकवलं होतं तसं, जवळजवळ ठिपके, वळणावर थोडे जास्त. विमलताईने त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं आणि म्हणाली, "सर, याच्यावरून हात फिरवा."

मुठीतून अंगठा बाहेर आला, पेन धरायला.

पहिलं कार्ड वाया गेलं. दुसरंही. मग रोज सकाळी चहा झाला की आमची पहिलीची शाळा भरायची. बाबा चिडायचे, पेन टाकायचे, मी उचलून द्यायचे. परत निघायच्या आधी आम्ही बँकेत गेलो. त्या साहेबाने नवीन नमुना सही घेतली. तीही वाकडीच, र अंग टाकून बसलेला, पण ठिपक्यांशिवाय केलेली. साहेब स्वतः दारापर्यंत सोडायला आला.

निघताना या वेळी बडनेऱ्याला बाबा नव्हते. घरच्या दारातच त्यांनी डाव्या हाताने शर्टाच्या खिशातून कार्ड काढलं, ठिपक्यांवरचं पहिलं जमलेलं. म्हणाले, "घे. तुह्या खोक्यात माहीच नव्हती." खरंच नव्हती. इतक्या सह्यांमागे फिरले आणि गुणफलकामागे बसलेल्या माणसाकडे कधी कार्ड धरलंच नाही.

लोक विचारतात, आता घर कुठलं? पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचे, इकडचं आणि तिकडचं करून. आता मी बाबांचं कार्ड उलटून वाचते. ही पत्रिका दुसऱ्याच कुणाच्या लग्नाची, पण ओळ तीच आली आहे: स्नेहभोजन सकाळी ११ पासून आपल्या आगमनापर्यंत. अमरावतीच्या त्या घरात कुणीतरी बसलंय आणि वेळेचा शेवट त्यांनी माझ्या येण्यावर सोडला आहे, एवढं मला पुरतं.

ग्रेग आता निवृत्त झालाय; परवा त्याला ते कार्ड दाखवलं. बाहेर बर्फ भुरभुरत होतं, पार्किंगच्या रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. त्याने सवयीने भिंग काढलं, बराच वेळ पाहिलं आणि चाचरत म्हणाला, की मला सांगायला आवडत नाही, पण यावरही दोन हात आहेत.

"हो," मी म्हटलं. "खालचा माझा."