काकांचा 'पण'

आमच्या घरमालक काकांइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात नसेल, सूर्याला जरी कुणी पाच तारे दिले, तरी ते विचारतील, "देणारा कोण हाय गा?" मोबाइलवर काही मागवायचं म्हटलं की ग्राहकांचे रिव्ह्यू वाचत ते गॅलरीत येरझाऱ्या घालतात, चपला झिजतात, वस्तू काही येत नाही. खोटा रिव्ह्यू ओळखायची त्यांची कसोटी एकच, 'पण'. "खऱ्या माणसाले 'पण' म्हटल्याबिगर तारीफ करताच येत नाही. कुकर चांगला हाय, पण शिट्टी लय बोंबलते. हा खरा! अन् हा पाह्य, 'अप्रतिम, सर्वांनी घ्या'. पैसे घेऊन लिहून राहिला!" भाचीसाठी स्थळ घेऊन आलेल्या गृहस्थांनी मुलाचे गुण सांगून संपवले, तर काका "पण?" म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत बसले, बिचारे चहा न घेताच उठले. बाजारातल्या लबाडीवर मी पेटून लिहिलेलं पत्रक वाचून म्हणाले, "आग मस्त हाय गा. पण यात एक बी 'पण' नाही. भाड्यानं लिहिलं वाटते."

मी चिडलो. तरी खोटं विकणाऱ्यांवरचा आम्हा दोघांचा राग एकच होता, म्हणून भांडण टिकत नसे. टिकलं ते काकूंच्या कानांवरून. त्यांना ऐकू येईनासं झालं, धंतोलीतल्या डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितली, आणि काका ती पारखायला बसले. उन्हाळा सरला, खिडक्यांतले कूलर निघाले, काका वाचतच. "अवं, भाजी काय हाय?" ही त्यांची आरोळी चौकापर्यंत जाई, काकू नुसत्या हसत.

"काका, काकूंनी बोलणं सोडलंय!" मी ओरडलो.

"थांब गा, सगळे खोटारडे हायेत."

मग एका सकाळी ते चालता चालता थांबले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणीतरी लिहिलं होतं, 'मशीन चांगली आहे, पण आम्ही फार उशिरा घेतली. आईला थोडेच दिवस वापरता आली.'

"हा खरा हाय," काका हळूच म्हणाले. पुढचा एकही रिव्ह्यू न वाचता त्यांनी तीच मशीन मागवली.

ती आली, काकूंनी लावली, आणि सवयीनं काका गरजले, "ऐकू येते का वं?"

काकू दचकल्या. "काहून ओरडून राहिले जी? येते ना मले ऐकू!"

त्या दिवशी येरझाऱ्या बंद होत्या. संध्याकाळी काकांनी मला रिव्ह्यू लिहायला बसवलं. "लिही. मशीन लय चांगली हाय."

"पण?" मी विचारलं.

आत काकू कुणाशी तरी फोनवर खळखळून बोलत होत्या. काका बराच वेळ ऐकत राहिले.

"बस. तेवढंच."

तो रिव्ह्यू अजून तिथे आहे. काकांसारखा कुणी वाचेल, तर खोटाच ठरवेल.