पोळ्याच्या दिवशी उघडलेला शाफ्ट

माझी मोटार कारंज्याच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत एक लांब लोखंडी दांडा जातो. इंजिनाचं बळ तो चाकांना पोचवतो. त्याला शाफ्ट म्हणतात. त्या पावसाळ्यात तो खडखडू लागला. लढाई चालू होती, नवा भाग कुठे मिळत नव्हता. अकोल्याच्या भंगारातून मी तशाच गाडीचा शाफ्ट आणवला आणि पोळ्याच्या दिवशी घरच्या अंगणात तो बदलायला घेतला.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वेळेवर वाशीमच्या दवाखान्यात नेता यावं म्हणूनच मला गाडी धड हवी होती. हिशेबाने अजून तीन आठवडे होते.

मागची चाकं विटांच्या थरावर घेतली, खाली पोतं अंथरलं आणि जुना शाफ्ट सोडवला. आणलेला शाफ्ट लांबीला बरोबर होता. मी टेप लावून पुनःपुन्हा पाहिलं होतं. मागच्या बाजूला तो बसलाही. पुढची भोकं मात्र जुळेनात. जेमतेम एका सुताचा फरक, पण बोल्ट काही आत जाईना. मी कानस घेऊन भोकं वाढवायला बसलो. बराच वेळ घासून पाहिलं तर लोखंडावर नुसती चकाकी आली होती.

तेवढ्यात बायको बाहेर आली. मुलीच्या कळा पहाटेच सुरू झाल्या होत्या. मला आत्ता कळत होतं. सुईण तिच्या मागोमाग आली.

"पाणी गेलं, अन् आता कळाच थांबल्या," ती म्हणाली. "मले हे काही बरं नाई दिसत. वाशीमले न्या."

मी पोत्यावर पडल्या पडल्या वर पाहिलं. जिथे शाफ्ट असायचा तिथे गाडीचं उघडं पोट दिसत होतं.

समोरचा शेजारी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. मी त्याच्याकडे दमणी, म्हणजे त्याची हलकी बैलगाडी, मागितली. त्याने बोटं धोतराला पुसली, बैलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोरीसाठी जुंपतो भाऊ. देव पाहून घेईन."

"नोका," बायको दारातून म्हणाली. "काल त्यायच्या खांद्याले लोनी-हयद लावून आवतन देलं, अन् आज त्याच खांद्यावर जू? माह्या लेकीच्या नावानं नोका."

मला ते पटलं नाही. पण तिच्याशी वाद घालावा एवढी खात्री मला तेव्हा कशाचीच नव्हती. घरात मुलगी कण्हत होती.

शेजारी मोटारीजवळ आला. "मंग हे काहून नाई नेत?"

"शाफ्ट नाही तिला."

"चाकं तं हायेत ना?"

पोळ्यासाठी बांधलेल्या तोरणाजवळ माणसं जमलीच होती. तो दहा-बाराजणांना घेऊन आला. सगळ्यांनी अंगावर ठेवणीतले कपडे घातले होते. गाडी विटांवरून उतरवली आणि हात लावताच ती पुढे सरकली. इंजिन आणि चाकं यांचा संबंधच राहिला नव्हता, त्यामुळे ती बैलगाडीहून हलकी जात होती. मागच्या बाकावर मुलगी, तिचं डोकं आईच्या मांडीवर. सुईण खाली पायांशी. मी चाक धरून बसलो.

सडक खडीची होती. माणसं पळू लागली.

"पेट्रोल नाई, भाकर खाते हे मोटार!"

"भाऊ, हारन तं वाजवा! बारात निंघाली असं वाटू द्या!"

मी हॉर्न वाजवला. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

नाल्यापुढे चढ लागला. अर्ध्या चढावर माणसांचा जोर संपला आणि नेमकी त्याच वेळी मुलगी ओरडली. सुईण म्हणाली, "थांबवा. इथंच होते आता. गडीमाणसं दूर करा."

शेजाऱ्याने मागच्या चाकांना दगड लावले आणि सगळे उतारावर दूर जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. मी हातब्रेक ओढला. तो सैल वर आला. त्या गाडीचा हातब्रेक शाफ्टावर धरणारा होता, चाकांवर नव्हे. एक दगड ओल्या खडीत घसरल्याचा आवाज आला. मी पायाच्या ब्रेकवर सगळा भार दिला आणि तसाच राहिलो.

मला मागे वळता येत नव्हतं, वळणं बरंही नव्हतं. काचेतून चढाचं टोक दिसत होतं. मागे माझी मुलगी "बाबा, बाबा" म्हणत होती. "आहे मी, इथेच आहे," एवढंच मी म्हणत होतो. गुडघ्याला हातांनी दाबून धरलं. गाडी एक बोट जरी मागे गेली असती तरी मला कळलं असतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही.

मग मूल रडलं. बारीक आवाजात, थांबून थांबून. सुईण म्हणाली, "नात हाये." बायको रडत होती की हसत होती, पुढे पाहत असताना मला कळेना.

"बाबा," मुलगी म्हणाली, "पाणी."

पाण्याचा तांब्या माणसांपाशी खाली राहिला होता. मला पाय उचलता येत नव्हता. मी ओरडलो, "पाणी आणा कोणी!" कोणी हललं नाही. मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही.

शेवटी छोट्या आरशात शेजारी दिसला. तो उलटा चालत चढ चढत होता. आमच्याकडे पाठ, तोंड उताराकडे, तांब्या धरलेला हात मागे लांब केलेला.

"डावीकडं या," मी म्हणालो. "अजून. अजून थोडं."

बायकोने खिडकीतून हात बाहेर काढून तांब्या घेतला.