मळकट हिरवा डबा

धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट करून माझा दोस्त पेणला घरी येतो आन् पेंगत पेंगत लढाईत सैन्याचं सामान नेणाऱ्या छोट्या रेल्वेचे डबे पत्र्यातून बनवतो, खेळण्याएवढे. पावसाळाभर खपून केलेला डबा त्यानं मला रंगवायला दिला.

"मळकट हिरवा मार. बाकी काय नको."

मी पडलो गणपती रंगवणारा. माझ्या हाताला मळकट जमतंय व्हय? कडेनं सोनेरी पट्टी ओढलीच.

त्यानं डबा लई वेळ बघितला. "अरे, हा काय मखरात बसणार हाय?" म्हणत पॉलिश पेपर घेऊन घासायला लागला आन् बसल्या जागीच झोपला.

बाकीचं मी घासलं. अक्कल एवढी, का सोनेरीबरोबर जागोजाग हिरवापण गेला, पत्रा दिसाया लागला.

तो जागा झाला. मी शिव्या खायला तयार. डोळे चोळत म्हणाला, "आता लढाईवरून आलेला दिसतो. ऱ्हाऊ दे."