विषाणूंची भावकी

साऱ्या औंध भागात शिंकणाऱ्या माणसानं कुणाला भ्यावं, तर माझ्या मावशीला. शिंक ऐकली की "बरं वाटत नाही का?" असं ती विचारत नसे, "कुठनं आणलंस हे?" असं विचारी. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनं उभी हयात विषाणू तपासले आणि निवृत्तीनंतर गावी येऊन सगळं गाव तपासायला घेतलं. स्वतःचा संसार मांडला नाही, पण विषाणूंच्या भावकीची तिला खडान्‌खडा माहिती. "एकाचे लाख होताना नक्कल चुकते गं," पापड भाजता भाजता ती मला सांगे. "बऱ्याच चुका वाया जातात. एखादी टिकते, पुढच्या पिढ्या तीच घेऊन फिरतात. त्या चुकांवरनं घराणं ओळखायचं." तोवर पापडाचा कोळसा झालेला असे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी तिच्याकडेच होते. कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा करणारं आमच्या आळीतलं कुटुंब तेव्हा गावी परतलं. पाठोपाठ गावात साथ पसरली, एक म्हातारे गेले, आणि ह्यांनीच आणली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्यांचं दूध बंद, नळावर येणं बंद. मावशी रोज दुधाची चरवी घेऊन भर चौकातून त्यांच्या दारात जायची.

"बाई, तुमाला बी वाळीत टाकू," सरपंच म्हणाले.

"टाका की! जेवणावळींतनं सुटेन."

तिनं जुन्या विद्यार्थिनीच्या मागे लागून त्या कुटुंबातल्या आणि गावातल्या आजाऱ्यांच्या नमुन्यांची जनुकीय तपासणी करून घेतली. उत्तर फोनवर आलं. त्या कुटुंबातला विषाणू वेगळ्याच शाखेचा होता. गावात पसरलेला मात्र मलकापूरच्या एका लग्नात आजारी पडलेल्यांच्या विषाणूशी जुळत होता. मावशीनं देवळाच्या कर्ण्यावरून हे सांगितलं. लगेच गर्दीतून आवाज आला, "मग लग्नाला कोन कोन गेलतं? नावं सांगा!"

"न्हाई सांगत!" मावशी कडाडली. "एकाला सोडून दुसऱ्याला धरायला तपासलं न्हाई मी. आणि पयलं नाव माझंच हाय. जिलेबी मागून घेतली मी तिथं!"

दूध सुरू झालं. माफी कुणी मागितली नाही. साथ ओसरल्यावर ते कुटुंब परत निघालं. एसटीत बसताना त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "बाई, आता कशाला यायचं वो हिकडं?"

 मावशीनं खिडकीतून आत हात घातला आणि गाडी हलेपर्यंत म्हातारीचा हात धरून ठेवला.