ठिपका काही तुटला नाही

गाडी दुरुस्तीला टाकून गॅरेज कुठलं ते विसरणाऱ्या घरच्यांनो, आजचं तरी लक्षात ठेवा.

माझी नात पूर्वा रविवारी डोंगरातल्या शर्यतीत बाईक पळवणार. इंजिन खडखडत होतं, कॅमशाफ्टची बेअरिंगं झिजलेली. मिरजोळ्याचा मेकॅनिक आज म्हणाला, "आजी, नवी टाकली."

मला अक्षर येत नाही, बिल वाचून काम झालं की नाही ते कळायचं नाही. म्हणून गाडी देतानाच मी इंजिनाच्या झाकणावर नेलपॉलिशचे ठिपके लावलेले, प्रत्येक ठिपका अर्धा बोल्टवर, अर्धा झाकणावर; बोल्ट फिरला की ठिपका तुटणार. एकही तुटला नव्हता.

"काय रे, झाकण न उघडता आत शिरलास कसा?"

"आजी, रविवारपुरतं चाललं असतं हो."

"आणि उतारावर इंजिन जाम झालं तर पोरीला झेलायला तू येणार?"

आता झाकण माझ्यासमोर उघडलंय. बेअरिंगं बसेपर्यंत मी हलत नाही. घावणे नि काळ्या वाटाण्याची उसळ इथेच पाठवा, दोघांपुरती. उपाशी माणूस बोल्ट अर्धवट आवळतो.